लंडनचे मोटारबंब

लंडनमध्ये वाफेवर चालणारा पहिला बंब ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी 1829 साली बांधला. 1830 च्या कडाक्याच्या थंडीत आर्गाइल रूम्सला आग लागली, तेव्हा हातबंबांतले पाणी गोठले. हे यंत्र मात्र तासन्‌तास पाणी फेकत राहिले. तरीही 1833 पासून शहराच्या बंबदलाचे प्रमुख असलेल्या जेम्स ब्रेडवुड यांनी वाफेचा बंब दीर्घकाळ दूरच ठेवला. जवानांनी इमारतीत शिरून आगीच्या मुळावर पाणी मारावे, हा त्यांचा आग्रह होता. लांबून जोरदार फवारा सोडता येऊ लागला की ही शिस्त सुटेल, असे त्यांना वाटे आणि ही शंका निराधार नव्हती. 1861 साली टूली स्ट्रीटच्या वखारींना लागलेल्या आगीत अंगावर भिंत कोसळून ते मृत्युमुखी पडले.

1866 मध्ये महानगरासाठी सार्वजनिक दल उभे राहिले आणि वाफेचे बंब सर्वत्र दिसू लागले. मराठी घरातल्या पाणी तापवण्याच्या बंबाचेच ते थोरले भावंड: उभे भांडे, पोटात जाळ, वर धुराडे. बंबखान्यात गॅसच्या ज्योतीवर बॉयलरचे पाणी सतत कोमट ठेवत. वर्दी येताच जाळ पेटवायचा आणि वाटेतच वाफ धरायची. ओढायला घोडे असत; ते टिलिंग नावाच्या घोडेपुरवठादाराकडून भाड्याने घेतलेले असत. आग लागो न लागो, त्यांचा दाणापाणी आणि तबेला यांचा खर्च रोजचाच.

ग्रिनिचच्या मेरीवेदर कंपनीने 1899 मध्ये घोड्याविना चालणारा वाफेचा ‘फायर किंग’ बनवला. तो गेला मात्र मॉरिशसच्या पोर्ट लुईला. खरे वळण 1904 चे. लंडनच्या उत्तर सीमेवरील फिंचलीने मेरीवेदरकडून पेट्रोलवर चालणारा बंब घेतला. त्याचे एकच इंजिन रस्त्यावर चाके फिरवी आणि आगीपाशी पोचल्यावर पंपही चालवी. या बदलाचे महत्त्व वेगापेक्षा मोठे आहे, कारण वाफ धरण्याची वाट पाहणे संपले आणि गाडी उभी असताना इंधनाचा खर्चही थांबला.

पंपही बदलले. दट्ट्याच्या पंपाचे पाणी हिसक्याहिसक्याने येई. फिरत्या पंख्याच्या पंपाने ते अखंड मिळू लागले. असा पंप बसवलेला डेनिस कंपनीचा पहिला बंब 1908 मध्ये ब्रॅडफर्डला गेला. या कंपनीचे बंब पुढे लंडनच्या रस्त्यांवर नित्याचे झाले.

लंडनच्या दलातले शेवटचे घोडे 1921 साली निवृत्त झाले. जवानांची बैठक तेवढी जुनीच राहिली. गाडीच्या दोन्ही कडांना, बाहेर तोंड करून, दांडी धरून ते उघड्यावर बसत. वेगात वळण घेताना खाली पडण्याचा धोका खराच होता. या बांधणीला ब्रेडवुड यांचेच नाव होते. 1930 च्या दशकात बंद गाड्या आल्या, तेव्हा कुठे जवानांना आत बसायला जागा मिळाली.