तळटीप १२ : साहेबाची तसबीर

पेस्टलमधली, म्हणजे कोरड्या रंगखडूंची. तेलरंग वाळेपर्यंत थांबावे लागे; खडूचे काम झटपट उरके, बदलीवरच्या साहेबाला ते परवडे. ओझायस हम्फ्री हा लघुचित्रकार १७८५ ते १७८७ हिंदुस्थानात होता. पुढे नजर अधू झाल्यावर तो पेस्टलकडे वळला, १७९२ मध्ये इंग्लंडच्या राजाचा खडूचित्रकारही झाला. ही तसबीर आखाडा बाळापूरची; ते गाव निजामाच्या मुलखात होते. तिथले गोरे अधिकारी असत ते हिंगोलीच्या छावणीत, हैदराबाद कंटिंजंट या फौजेत. छावणी १९०३ मध्ये उठली. पेस्टलची भुकटी कागदावर नुसती टेकलेली असते. म्हणून वर काच लागते, पण कागदापासून जरा अंतर राखून. आपल्याकडच्या पावसाळ्यात गडद कोटावर पांढरे ठिपके उमटतात ती बुरशी. चित्रकाराची करामत नव्हे. फडक्याने पुसू गेल्यास कोटासकट साहेबही जातो.