आवाजाने वाचला जाणारा समुद्रतळ

हैदराबाद शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. तरीही गोव्याच्या किनाऱ्याला सुनामीचा धोका आहे का, लाट केव्हा पोहोचेल आणि तिची उंची किती असेल, याचा अंदाज तेथूनच दिला जातो. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, ही संस्था १९९९ मध्ये हैदराबादेत स्थापन झाली. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तेथे पूर्वसूचना केंद्र उभारण्यात आले आणि ऑक्टोबर २००७ पासून ते कार्यरत आहे. या अंदाजाची अचूकता ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांपैकी एक म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राची खोली. ती मोजण्याचे मुख्य साधन आहे ध्वनी.

प्रकाश थांबतो, ध्वनी जातो

प्रकाश पाण्यात फार खोलवर जात नाही. आपल्या नद्यांच्या मुखांशी असलेल्या गढूळ पाण्यात तर काही हातांवरचेही दिसत नाही. रेडिओ लहरीही खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. ध्वनी मात्र समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने प्रवास करतो. पाण्यातील ध्वनीचा वेग १८२६ मध्ये जिनिव्हा सरोवरात मोजला गेला होता. १९१३ मध्ये जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याच्या तंत्राचे पेटंट घेतले. त्यापूर्वी दोरीला शिशाचे वजन बांधून तळ चाचपावा लागे आणि खोली वावांत सांगितली जाई.

तत्त्व साधे आहे. नौकेच्या तळाशी बसवलेले यंत्र ध्वनीचा स्पंद खाली सोडते आणि तो परतण्यास लागलेला वेळ मोजते. दहा मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास सेकंदाचा सुमारे पंचाहत्तरावा भाग लागतो. प्रतिध्वनी किती जोराने आला, यावरून तळाचे स्वरूपही कळते. खडकाळ तळावरून तो ठळक येतो, तर मऊ चिखल बराचसा ध्वनी शोषून घेतो.

कंप्रतेची निवड

सर्व कामांना एकच ध्वनी चालत नाही. शेकडो किलोहर्ट्झच्या उच्च कंप्रतेने बारीक तपशील टिपता येतो, पण असा ध्वनी तळाच्या आत शिरत नाही. सुमारे ३.५ किलोहर्ट्झचा ध्वनी चिखलाच्या थरांत काही मीटर उतरतो आणि खाली दडलेले जुने थर दाखवतो. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यालगतच्या समुद्रात ३३ आणि २१० किलोहर्ट्झ या दोन कंप्रतांचे प्रतिध्वनी ताडून पाहिले आणि त्यांवरून वाळू व चिखल यांचे तळ वेगळे ओळखण्याचा अभ्यास केला. तळाचे नमुने वर काढून हे निष्कर्ष पडताळून घ्यावे लागतात. केवळ आवाजावर विसंबून चालत नाही.

उथळ पाण्याच्या अडचणी

खोल समुद्रापेक्षा उथळ पाण्यातील मोजणी सोपी असेल, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. उथळ पाण्यात ध्वनी तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा आपटतो व प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. पावसाळ्यात नदीमुखांशी गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर पसरतो. तापमान व क्षारता बदलली की ध्वनीचा वेग बदलतो आणि हिशेब चुकतो. एका फेरीत रुंद पट्टा मोजणाऱ्या बहुशलाका यंत्राचा पट्टाही खोलीच्या प्रमाणात असतो. खोली कमी झाली की तो अरुंद होतो आणि फेऱ्या वाढतात. मोठ्या संशोधन नौका तर अशा पाण्यात शिरूच शकत नाहीत.

गोव्याच्या समुद्राची आणखी एक खासियत आहे. किनाऱ्यालगतच्या चिखलात सेंद्रिय पदार्थ कुजून तयार झालेला वायू साचलेला आढळतो. वायूचे बुडबुडे ध्वनी अडवतात. त्यामुळे नोंदीत त्याखालचे थर पडदा ओढल्यासारखे झाकले जातात. हा पडदाच वायूच्या अस्तित्वाची खूण ठरतो. समुद्रात वाहिनी टाकताना किंवा खांब रोवताना ती खूण महत्त्वाची असते, कारण वायूयुक्त चिखल भार पेलण्यास कमकुवत असू शकतो.

लाट आणि खोली

सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोलीवर ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने धावते, पन्नास मीटरवर वेग ८० किलोमीटरच्या आसपास येतो आणि दहा मीटरवर ३५ च्या जवळपास. वेग घटतो तशी उंची वाढते. म्हणजे लाट केव्हा आणि किती उंच येणार, याचा निर्णय शेवटच्या उथळ पट्ट्यात होतो. जागतिक नकाशांतील खोलीचे आकडे नेमके याच पट्ट्यात सदोष होते. दोना पावलच्या संशोधकांनी राष्ट्रीय जलआलेखन कार्यालयाच्या नकाशांतील दोनशे मीटरपर्यंतच्या नोंदी संगणकीय रूपात आणून सुधारित माहितीसंच तयार केला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तो वापरल्यावर भरती-ओहोटीचे आणि २००४ च्या सुनामीचे संगणकीय चित्रण प्रत्यक्षाशी अधिक जुळले.

आपल्यासाठी अर्थ

समुद्रतळ स्थिर नसतो. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तो बार्जवाहतुकीस बंद असे आणि खनिज कुंभारजुवे कालव्यातून मुरगावकडे न्यावे लागे. वाळू सरकली की जुना नकाशा फसवा ठरतो. इन्कॉइस मच्छीमारांना माशांच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना देते. तिच्यात दिशा आणि अंतराबरोबर खोलीही सांगितलेली असते. हा आकडा असो, बंदराचा मार्ग असो की सुनामीचा इशारा, त्यांच्या मुळाशी कधीतरी एखाद्या नौकेने तळाकडे सोडलेला आवाज आणि त्याचे आलेले उत्तर असते. म्हणूनच ही मोजणी एकदा करून संपत नाही. तळ जसजसा बदलतो, तसतशी ती पुन्हा करावी लागते.