हुजूर दफ्तर : कार्यपद्धतीच्या आवर्तनाचा एक अभ्यास

मोठ्या संस्थेचा कारभार माणसांच्या कर्तबगारीवर चालतो की ठरलेल्या कार्यपद्धतीवर, हा प्रश्न प्रशासनाच्या अभ्यासकांना नवा नाही. अलीकडच्या व्यवस्थापनशास्त्राने त्याला ‘कार्यप्रक्रिया-व्यवस्थापनाचे जीवनचक्र’ या कल्पनेच्या आधारे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. या कल्पनेच्या साहाय्याने पेशवेकालीन हुजूर दफ्तराचा उत्कर्ष व ऱ्हास कितपत उलगडतो, हे पाहणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम ही कल्पना थोडक्यात पाहू. कोणतेही काम हे एकामागून एक येणाऱ्या कृतींची साखळी असते आणि ती अनेक हातांतून जाते. ही साखळी आखणे, अमलात आणणे, तिच्यावर देखरेख ठेवणे, आणि देखरेखीतून जे कळले त्याच्या आधारे ती पुन्हा आखणे, असे हे चक्र आहे. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९३९ साली उत्पादनाच्या गुणनियंत्रणासंबंधी असे चक्र मांडले. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमधील व्याख्यानांतून त्याचा प्रसार केला. पुढे २०१३ साली ड्यूमास व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठ्यग्रंथाने कार्यप्रक्रियेची निवड, शोध, विश्लेषण, पुनर्रचना, अंमलबजावणी आणि देखरेख असे सहा टप्पे सांगितले. टप्प्यांची संख्या कमीअधिक असो. शेवटचा टप्पा पहिल्याला जोडलेला असणे हे या विचाराचे मर्म होय. जोड तुटली की चक्र उरत नाही, नुसता रिवाज उरतो.

पेशव्यांच्या मुत्सद्द्यांपुढे असे कोणतेही शास्त्र नव्हते, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. आजची परिभाषा अठराव्या शतकावर लादणे हा कालविपर्यास होईल. परंतु परिभाषा नवी असली तरी तिने दर्शविलेली वस्तू जुनी असू शकते. म्हणून प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू.

पुण्यातील हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत असत. त्याचे दोन मुख्य भाग होते : चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरातील प्रमुख शाखा म्हणजे फड. ही खास फडणीसांची कचेरी. हुकूम व सनदा येथून सुटत, इतर खात्यांचे हिशेब येथे येत, आणि रोजच्या व्यवहाराची रोजकीर्द येथे लिहिली जाई. एकबेरीज दफ्तर कायम पुण्यातच असे. तेथे निरनिराळ्या शाखांचे कागद एकत्र येऊन त्यांवरून तर्जुमे व खतावण्या तयार होत. म्हणजेच जमा, खर्च आणि शिल्लक यांचे बाबवार गोषवारे तेथे मिळत. चालते दफ्तर आज काय घडले ते सांगे. एकबेरीज दफ्तर आजवर काय घडत आले ते सांगे. दैनंदिन नोंद आणि संकलित नोंद यांचे हे विभाजन म्हणजे देखरेखीचा पायाच होय.

जिल्ह्याच्या पातळीवरील रचना याहून बोधप्रद आहे. मामलतदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे दरखदार असत. पत्रांवर व हुकुमांवर दिवाणाची सही लागे. हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वी मुजुमदार तपासी. फडणीस रोजकीर्द ठेवी. तिच्यावरून दफ्तरदार खतावणी करून दर महिन्याचा गोषवारा हुजुरास पाठवी. पोतनीस खजिन्यातील वसूल व शिल्लक सांभाळी, तर नाण्यांची पारख पोतदार करी. या दरखदारांना दूर करण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. त्यामुळे जो काम करी तोच त्या कामाचा एकमेव साक्षीदार नसे. एकाच रकमेची खूण तीन-चार वह्यांत उमटे, आणि एकाने खोटे लिहिले तरी ते दुसऱ्याच्या वहीशी जुळत नसे.

आता वार्षिक आवर्तन पाहू. वर्षारंभी महालाच्या जमाखर्चाचा अजमास होई आणि त्याच्या आधारे मामलतदाराला बेहडा मिळे. अंदाजित उत्पन्नाचा काही भाग त्याला रसद म्हणून आगाऊ भरावा लागे. वर्षभर मासिक गोषवारे येत राहत. वर्षअखेर हिशेब हुजुरात रुजू होऊन त्याची तपासणी होई, आणि प्रत्यक्ष वसुलाचे हे ज्ञान पुढील वर्षाच्या अजमासाला उपयोगी पडे. आखणी, अंमल, देखरेख आणि पुन्हा आखणी अशी चारही अंगे येथे आढळतात. थोरले माधवराव (कारकीर्द १७६१ ते १७७२) आणि त्यानंतर नाना फडणीस (१७४२ ते १८००) यांच्या काळात या आवर्तनाला विशेष काटेकोरपणा आला, असे अभ्यासकांचे सामान्यतः मत आहे.

तथापि ही पद्धती निर्दोष होती असे मानण्याचे कारण नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ सालच्या अहवालात ‘अंतस्था’ची हकीकत दिली आहे. मामलतदार रयतेकडून ठरलेल्यापेक्षा अधिक वसूल करी आणि त्यातील काही भाग दरबारातील वजनदार माणसांना व हिशेब तपासणाऱ्यांना पोचवी. कालांतराने ही लाच इतकी रूढ झाली की तिचीही नोंद होऊ लागली आणि इतर खर्चाप्रमाणे तिचीही तपासणी होऊ लागली. पण मग नव्या लाचेची गरज उरलीच. तिच्यासाठी पुन्हा नवी वसुली आली. अशा नाजूक बाबींची खोलात चौकशी कोणी करीत नसे, त्यामुळे मामलतदाराचा स्वतःचा वाटा सर्वांत मोठा राही.

या हकीकतीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. देखरेख चालू होती, हिशेब चोख होते, आणि तरीही रयतेवरील बोजा वाढत होता. गैरप्रकार नोंदवला गेला म्हणजे तो सुधारला गेला असे होत नाही. उलट, नोंद झाल्यामुळे त्याला नियमाची प्रतिष्ठा मिळू शकते. देखरेखीचे काम ‘ठरल्याप्रमाणे झाले का’ एवढेच विचारण्याचे नसून ‘ठरले ते योग्य आहे का’ हेही विचारण्याचे असते. पहिल्या प्रश्नाची व्यवस्था हुजूर दफ्तराने उत्तम केली होती. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यात स्वतंत्र जागा नव्हती. तो प्रश्न माधवरावांसारखा जागरूक पेशवा विचारी, म्हणून विचारला जाई.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६ ते १८१८) ही उणीव उघडी पडली. एल्फिन्स्टनच्या सांगण्याप्रमाणे मामलती अनुभवी माणसांना सोपविण्याऐवजी त्यांचा लिलाव होऊ लागला. जो अधिक रक्कम कबूल करी त्याला महाल मिळे, आणि पुढील वर्षी त्याहून चढी बोली आली की तो दुसऱ्याकडे जाई. मक्तेदाराला चौकशी करण्यास अवधी नव्हता आणि रयतेला सांभाळून घेण्याचे कारणही नव्हते. तो पोटमक्तेदारांना महाल देई, ते पुढे आणखी कोणाला देत, आणि शेवटी हे ओझे पाटलापर्यंत व त्याच्यामार्फत कुणब्यापर्यंत येऊन पोचे.

याच काळात हुजूर दफ्तराची हेळसांड झाली, तेथील आस्थापना जवळजवळ मोडली, आणि लोकांना कागद घेऊन जाण्यासही मज्जाव राहिला नाही. या ऱ्हासाचे खापर सामान्यतः बाजीरावाच्या स्वभावावर फोडले जाते. ते अगदीच निराधार नाही. पण पुरेसेही नाही. मक्त्याच्या पद्धतीत वर्षाचा आकडा बोलीने ठरत असल्यामुळे अजमासाची गरज संपली. अजमास नको, म्हणून मागील वर्षाचा तर्जुमा नको. तर्जुमा नको, म्हणून मासिक गोषवारा वाचणारा कोणी नको. दफ्तर ओस पडले ते केवळ कारकून आळशी झाले म्हणून नव्हे. त्यांनी लिहिलेल्या कागदाला वाचक उरला नव्हता. ज्या निर्णयासाठी माहिती गोळा करावयाची तो निर्णयच अन्य मार्गाने होऊ लागला, की माहितीचे यंत्र आपोआप थंडावते.

या घटनेचे परिणाम पेशवाईबरोबर संपले नाहीत. इंग्रजी अमलात, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर, इनामांची चौकशी झाली तेव्हा पेशवे दफ्तरातील नोंदी पुरावा म्हणून तपासल्या गेल्या. कोणत्या घराण्याचे इनाम टिकावे आणि कोणाचे खालसा व्हावे, हे ठरविताना त्या जुन्या कागदांना वजन आले. त्यामुळे दफ्तराची शिस्त ही केवळ कारकुनी नीटनेटकेपणाची बाब नव्हती. इतिहासालाही याच शिस्तीचा लाभ झाला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध होऊ शकले, ते शतकापूर्वीच्या लेखकांनी आपापल्या नोंदी नेमाने केल्या होत्या म्हणून.

आधुनिक संस्थांच्या अभ्यासकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात, असे वाटते. पहिली ही की, कार्यपद्धतीचे आयुष्य तिच्या नियमांच्या काटेकोरपणापेक्षा तिच्यातून निघालेली माहिती कोण वाचतो आणि वाचून काय बदलतो, यावर अवलंबून असते. प्रत्येक अहवालास त्याचा वाचक कोण, हा प्रश्न विचारून पाहावा. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. हुजूर दफ्तराच्या चक्रात पेशवा होता, फडणीस होता, मामलतदार व दरखदार होते. ज्याच्या खळ्यावरून हे सारे आकडे येत तो कुणबी मात्र त्या चक्रात केवळ आकडा होऊन राहिला. पुनर्रचनेच्या वेळी त्याचे म्हणणे ऐकण्याची नियमित सोय असती, तर अंतस्थाचे रूपांतर मान्य खर्चात इतक्या सहजपणे झाले असते काय? या प्रश्नाचे निश्चित उत्तर देता येणार नाही. परंतु कोणत्याही कार्यपद्धतीचे परीक्षण करताना, तिचा भार ज्याच्यावर पडतो त्याची साक्ष घेतल्याखेरीज ते परीक्षण पुरे झाले असे समजू नये, एवढे या उदाहरणावरून निःसंशय म्हणता येते.