भाकरी घरची, रस्सा हॉटेलचा

हॉटेलच्या गल्ल्यामागे 'बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी आता इतकी सवयीची झाली आहे की ती हॉटेलाइतकीच जुनी असावी असं वाटतं. तशी ती नाही. निदान आमच्या धाराशिव जिल्ह्यात (माझ्या पिढीच्या तोंडी अजून उस्मानाबादच येतं) बाजाराच्या दिवशी हॉटेलात बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या फडक्यात घरची भाकरी असायची. माझे दादा, म्हणजे आजोबा, त्यातलेच. ज्वारीच्या दोन भाकरी, कांदा, ठेचा. हॉटेलातून फक्त रस्सा सांगायचा. तर्री संपली की पोऱ्या पुन्हा वाढायचा, त्याचे वेगळे पैसे नसत. मालकाला यात काही खटकत नव्हतं, कारण त्याच्याकडे भाकरी नसायचीच. चुलीपाशी भाकऱ्या थापायला बाई ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं.

ही रीत कुठून आली हे पाहायचं तर हॉटेलाच्या मागे, सराईपर्यंत जावं लागतं. प्रवाशाला सराईत छत मिळे, पाणी मिळे, जनावरं बांधायला जागा मिळे. धान्य त्याचं त्यानं आणायचं किंवा बाजारातून घ्यायचं. ते शिजवून द्यायला तिथे भटियारा आणि भटियारीण असत. तुमचं पीठ, तुमची डाळ, तुमचं मटण. त्यांची चूल, त्यांचे हात आणि त्याची मजुरी. मराठीत आपण हॉटेलाच्या स्वयंपाकघराला भटारखाना म्हणतो, तो शब्द या भटियाऱ्याचा आहे. पुष्कळांना तो 'भटा'वरून आला असं वाटतं! अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला औरंगजेबाच्या काळातली सराई अजून उभी आहे. भटियारी तिथे राहिली नाही, पण तिचा धंदा संपलेला नाही. 'मटण करून मिळेल' अशी पाटी रस्त्याकडेच्या खानावळीवर दिसते, तेव्हा तोच जुना करार चालू असतो.

आमच्या जिल्ह्याला तर शिदोरीची सवयच. तुळजापूरला येणारा यात्रेकरू शिधा बांधून येई आणि पुजाऱ्याच्या घरी तो शिजे. धाराशिवला हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्यावर कंदुरीला येणारी कुटुंबं बकरा, तांदूळ, मसाला सगळं सोबत आणतात, त्यात नवस फेडायला आलेली हिंदू कुटुंबंही असतात. भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. जिथे 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, ते हे जैन तीर्थ. तिकडे निघालेलं जैन कुटुंब वाटेत थांबतं तेव्हा स्वतःचा डबा उघडतं, तेही सूर्य मावळायच्या आत. 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा रूळ धाराशिव शहराला टाळून येडशीवरून जायचा. गाडी धरायची तर आधी येडशी गाठा. एवढ्या प्रवासात घरचं बांधून नेण्याला कोण नावं ठेवणार?

जर्मनीतल्या बव्हेरियात असंच घडलं, मात्र कायद्यामुळे. 4 जानेवारी 1812 रोजी तिथल्या राजाने म्युनिकच्या बिअर गाळणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी बिअर विकायची मुभा दिली. पण खानावळवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून ब्रेडखेरीज खाणं विकायला मनाई केली. लोक घरचं खाणं घेऊन झाडांखाली बसू लागले. 1999 च्या तिथल्या सरकारी नियमातही बिअर गार्डनची ही ओळख नोंदलेली आहे. त्यांच्या पेयाशी आपल्याला कर्तव्य नाही. हिशेब मात्र आमच्या रश्श्याचाच आहे. जे मालक विकतो ते त्याच्याकडून घ्या, जे तो विकत नाही ते खुशाल आणा.

इथवर सगळं गोड वाटतं. पण याच बाकड्यांवर घरून आणायची आणखी एक वस्तू होती, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हा इतिहास अर्धा राहील. ती म्हणजे भांडं. दलित गिऱ्हाइकाला हॉटेलाच्या कपबशीतून चहा मिळत नसे. त्याची कपबशी वेगळी, बाहेर कोनाड्यात किंवा कुडाला अडकवलेली. प्यायची, धुवायची आणि परत तिथेच ठेवायची. नाहीतर स्वतःचं भांडं आणायचं आणि वरून ओतलेला चहा घ्यायचा. काही ठिकाणी मुसलमानांसाठीही कप निराळा असे. रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पानी, मुस्लिम पानी' होतंच. मुसलमानांच्या हॉटेलांत हे काहीच नव्हतं असं सांगायचा मोह आपल्या लेखकांना होतो. मला तो पटत नाही. मशिदीत एका सफेत उभे राहणारे आपण, गावच्या चालीरीतींपुढे पुष्कळदा गावासारखेच वागलो.

याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला फेब्रुवारी 1941 मध्ये डॉ. आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे राज्यघटनेच्या 15 व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेशाला धर्म, जात, लिंग यांवरून आडकाठी करता येणार नाही असं आलं. 1955 चा अस्पृश्यता (अपराध) कायदा तर भांड्यापर्यंत उतरला. त्याच्या चौथ्या कलमात उपाहारगृह, हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना इथल्या लोकांसाठी ठेवलेल्या भांड्यांच्या वापराचा स्पष्ट उल्लेख आहे. सराई आणि मुसाफिरखाना हे आपले शब्द त्या कायद्यात वाचताना मला बरं वाटलं, आणि भांड्याचा उल्लेख करावा लागला याचं वाईट.

म्हणून मनाईच्या पाटीवर मी सरसकट रागावत नाही. भाकरी आणणं ही गिऱ्हाइकाची सोय होती, कप आणणं ही त्याच्यावरची सक्ती. दोन्ही 'घरून आणलेलं'च, पण एकाच पारड्यात घालता येणार नाहीत. आजच्या मालकाला जागेचं भाडं, वीज, पोऱ्याचा पगार आहे. चार माणसांनी तासभर बाकडं अडवून घरचा पुलाव खाल्ला तर त्याने काय करावं? 3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांच्या बाबतीत हेच म्हटलं: जागा मालकाची, बाहेरचं खाणं आणू न देण्याची अट तो घालू शकतो. मात्र पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईबापांना नेता आलं पाहिजे. सर्वांना सारखी लागू होणारी पाटी मला चालते. माणूस पाहून बदलणारी पाटी, लिहिलेली असो वा नसो, ती त्या कोनाड्यातल्या कपाची नातेवाईक आहे.

आता आपल्या बाजूचंही बोलू. हलालची खात्री नाही म्हणून आपल्यातले बरेच जण प्रवासात डबा नेतात. त्यात गैर काही नाही. पण समोर 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेलं असताना कोपऱ्यात बसून खिमा उघडायचा आणि मालक बोलला की धर्म मध्ये आणायचा, हे मी पाहिलं आहे आणि मला ते लाजिरवाणं वाटतं. त्याच्या भटारखान्याची हद्द त्याने आखली आहे. खिमा गाडीत बसून खाता येतो, झाडाखाली खाता येतो.

रमजानचं मात्र वेगळं. सोलापूरहून बीडकडे जाताना येडशी-येरमाळ्याच्या आसपास मगरिब होते. एसटी थांबलेली असते, खजूर पिशवीत असतो. अशा वेळी गल्ल्यावर जाऊन आधी विचारावं, 'रोजा सोडायचाय, दहा मिनिटं बसू का?' मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट पाण्याचा जग न मागता आलेला आहे. दोन खजूर मालकाच्या हातावर ठेवावेत, बिया कागदात गुंडाळून आपल्याच पिशवीत टाकाव्यात. आणि उठायच्या आधी चहा सांगावा, शेजारच्या बाकड्यावर कुणी एकटा बसला असेल तर त्याच्यासाठीही.