तहान भागवणारा स्टो

पितळी टाकी, तिच्या बाजूला पंप, वर बर्नर आणि भांडे टेकवायला तीन पाय. भरभर आवाज करणारा असा रॉकेलचा स्टो गेल्या शतकात महाराष्ट्रातील असंख्य घरांत होता. बनावट कोणाचीही असली तरी कित्येक जण त्याला ‘प्रायमस’ असेच म्हणत. आजच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी तो पाहिलाही नसेल. परंतु ध्रुवप्रदेशांच्या आणि हिमालयाच्या मोहिमांत या स्टोने केलेले काम वर्गात जरूर सांगावे असे आहे. अप्रकट उष्णतेचा धडा तेथे माणसांच्या जीवनमरणाशी जोडला गेला होता.

सहलीसाठी स्टो निवडताना आपण त्याचे वजन पाहतो, भात किती वेळात शिजेल ते पाहतो. बर्फाळ प्रदेशात मात्र पहिला प्रश्न पाण्याचा असतो. तेथे चहूकडे पाणीच असते, पण ते गोठलेले. मग बर्फच का खाऊ नये, असे मुले विचारतील. तोंडात बर्फ वितळायलाही उष्णता लागतेच. ती शरीराला द्यावी लागते, म्हणजे अखेर पाठीवरून वाहून आणलेल्या अन्नातूनच.

ही उष्णता किती, ते पाहू. उणे ३० अंश सेल्सिअस तापमानाचा एक किलो बर्फ शून्य अंशापर्यंत आणायला सुमारे १५ किलोकॅलरी लागतात. शून्य अंशावरच त्याचे पाणी करायला आणखी ८० लागतात आणि त्या पाण्याला उकळी आणायला १००. एकूण १९५. म्हणजे थंड बर्फापासून चहा करायला, आपल्या नळाच्या पाण्यापासून करायला लागते त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता हवी. हे सारे इंधन घसरगाडीवर किंवा पाठीवर न्यायचे असते.

नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन आणि त्यांचे पाच सोबती यांनी १८८८ साली ग्रीनलंडचा हिमपठार प्रथमच ओलांडला. त्यांच्याजवळ स्पिरिटवर चालणारा स्टो होता. एक ग्रॅम स्पिरिटपासून सुमारे ७ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर रॉकेलपासून १० पेक्षा थोडी अधिक. स्पिरिट पुरवून वापरावे लागे आणि पिण्याच्या पाण्याची ओढाताण होई. चपट्या बाटल्यांत बर्फ भरून त्या कपड्यांच्या आत छातीशी बाळगायच्या आणि अंगाच्या उबेने पाणी करायचे, अशी पाळी त्यांच्यावर आली.

रॉकेल अधिक उष्णता देते हे ठाऊक होते, पण वातीवर जळताना ते काजळी धरते. काजळी म्हणजे न जळलेला कार्बन, अर्थात वाया गेलेले इंधन. स्टॉकहोममधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली जो स्टो तयार केला, त्यात वातच नव्हती. पंपाने टाकीत हवेचा दाब वाढवायचा. त्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडताना हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. सुरुवातीला बर्नर तापवण्यासाठी वाटीत थोडे स्पिरिट पेटवावे लागे. छिद्र तुंबले की पिन मारावी लागे, हे जुन्या पिढीला आठवत असेल.

१४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि यालमार योहान्सेन ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर हा स्टो होता. भांडी नान्सेन यांनी स्वतः योजलेली होती. मधल्या भांड्यात अन्न शिजे. ज्योतीचे गरम वायू बाहेर पडण्यापूर्वी त्याभोवतीच्या आणि त्यावरच्या भांड्यांतून फिरवले जात आणि तेथे बर्फ वितळे. त्यांनी सुमारे २० लिटर रॉकेल नेले होते, ते सुमारे १२० दिवस पुरले. म्हणजे दोघांत दिवसाला जेमतेम पेलाभर. एवढ्यात दोन वेळचे गरम जेवण आणि भरपूर पाणी त्यांना मिळे. ध्रुव गाठता आला नाही, तरी ८ एप्रिलला ते ८६ अंशांच्या पुढे गेले होते. तोवर इतक्या उत्तरेला कोणी पोचले नव्हते.

चांगला स्टो असला तरी इंधन डब्यात राहिले पाहिजे. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीला वाटेवरच्या साठ्यांत रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी आढळले. रसायनाच्या तासाला याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १३ अंशांखाली पांढरे कथील हळूहळू भुसभुशीत करड्या कथिलात बदलते, त्यामुळे डब्यांचा डाख फुटला आणि रॉकेल गळाले, अशी ती गोष्ट. कथिलाचा हा गुणधर्म खरा आहे. पण उपलब्ध पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. डब्यांच्या बुचांखाली चामड्याचे वॉशर होते. ते खराब झाले होते आणि हाताशी यावेत म्हणून ढिगाऱ्यांच्या माथ्यावर ठेवलेले डबे उन्हाने तापून रॉकेलची वाफ तेथून निसटत होती. त्याच वेळी ध्रुव गाठणाऱ्या रोआल्ड अमुंडसेन यांनी आपले डबे डाख लावून बंद केले होते. स्कॉट यांच्या तुकडीतील पाचही जण मरण पावले. थंडी, अपुरे अन्न, थकवा ही कारणे होतीच. इंधनाच्या तुटीने त्यांत भर घातली. शेवटच्या तिघांचा तंबू पुढच्या मोठ्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर होता.

उंचीवर तहान आणखी वाढते. विरळ, कोरड्या हवेत जलद श्वास घेताना शरीरातील पाणी सतत बाहेर जाते. मे १९५२ मध्ये रेमंड लँबर्ट आणि तेनझिंग यांनी एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटर उंचीवर रात्र काढली. जवळ स्टो नव्हता. मेणबत्तीच्या ज्योतीवर त्यांनी थोडा बर्फ वितळवला. दुसऱ्या दिवशी सुमारे ८,६०० मीटरवरून त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी चो ओयू मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी गिर्यारोहकांचा श्वास, आहार आणि पाणी यांचा अभ्यास केला. प्रत्येकाने रोज तीन-चार लिटर द्रव घेतलाच पाहिजे, असे ते आग्रहाने सांगत. त्यासाठी चांगले स्टो आणि पुरेसे इंधन वर नेणे आले. २८ मे १९५३ च्या रात्री शेवटच्या तळावर हिलरी आणि तेनझिंग यांनी स्टोवर बर्फ वितळवून पोटभर साखर घातलेले लिंबाचे पेय घेतले. पहाटे हिलरी यांचे गोठलेले बूटही त्याच स्टोवर मऊ करावे लागले. त्या दिवशी दोघे शिखरावर पोचले.

आज गॅसच्या छोट्या डब्यांवर चालणारे हलके स्टो मिळतात. निवडताना तेच प्रश्न विचारावेत. सह्याद्रीत गडावरच्या टाक्यात पाणी असते, तेथे असा स्टो उत्तम. पण साधारण दाबाला ब्यूटेन वायू उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याहून अधिक थंडीत डब्यात तो द्रवरूपच राहतो आणि ज्योत मंदावते. म्हणून त्यात उणे ४२ अंशांना उकळणारा प्रोपेन मिसळतात. फार थंडीत पंपाचा स्टो अजूनही भरवशाचा, कारण त्याचा दाब हवामानावर नव्हे, हातावर अवलंबून असतो. मात्र स्टो कोणताही असो, बंद तंबूत तो पेटवू नये. अपुऱ्या हवेत इंधन पुरते जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच मंद ज्योतीवर आधी पाव किलो बर्फाचा चुरा ढवळत पूर्ण वितळू द्यावा आणि वेळ मोजावा. मग तेच पाणी तापत ठेवून, तेवढ्याच वेळात तापमापक किती अंश दाखवतो ते पाहावे. आकडा ८० च्या आसपास येईल. नेमका ८० का येत नाही, उष्णता कोठे गेली, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. नान्सेन यांनी भांड्याभोवती भांडे का बसवले, याचे उत्तर त्यांना तेथेच सापडेल.