पाण्यावरचा टू-स्ट्रोक

थंडीच्या सकाळी स्कूटर एका अंगाला कलती करायची आणि मग किका मारायच्या, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. पुण्याची चेतक १९७२ मध्ये आली. पेट्रोल भरताना सोबत ऑइलचं मापही ओतलं जायचं आणि मागून निळसर धूर निघायचा. त्या धुरात काय काय वाया जातं, हे आपण फारसं विचारलं नाही. त्याच जातीचं इंजिन अमेरिकेत पाण्यावर गेलं, तेव्हा मात्र एका सरोवरानं तो प्रश्न विचारायला लावला.

क्लेटन जेकबसन हे मोटारसायकलच्या शर्यतींचे शौकीन. पडलं तरी अंग फुटू नये अशी मोटारसायकल पाण्यावर का असू नये, असं त्यांना १९६० च्या दशकात वाटलं. त्यांच्या कल्पनेवर कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीनं १९६८ मध्ये ‘सी-डू’ हे बसून चालवायचं वाहन काढलं. ते फार चाललं नाही. मग १९७३ च्या सुमारास जपानच्या कावासाकीनं उभ्यानं चालवायचं वाहन विकायला आणलं. नाव ‘जेट स्की’. गोव्याच्या किनाऱ्यावर आपण अशा कुठल्याही वाहनाला हेच नाव देतो. खरं तर ते एका कंपनीचं व्यापारी नाव आहे आणि तिथं दिसतात ती बहुतेक बसायची.

उभ्याच्या वाहनाला पुढे वर-खाली होणारा दांडा, मागे पाय रोवायला उघडी जागा आणि पोटात ४०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. खालून पाणी ओढायचं आणि मागून जोरानं फेकायचं, की वाहन पुढे. चालवणारा पडला तर ते हळूहळू गोल फिरत राही, म्हणजे पोहत जाऊन धरता यावं.

हे इंजिन हलकं आणि साधं. त्यात झडपांची यंत्रणा नाही आणि तळाशी ऑइलची टाकीही नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. बऱ्याच वाहनांत एका लिटरला २० मिलिलिटर. पण या साधेपणातच त्याची खोट होती. जळका वायू बाहेर जातो, त्याच वेळी ताजं मिश्रण आत येतं. पुढचं आणि मागचं दार एकदम उघडं असावं आणि आलेला पाहुणा न थांबता परसदारानं निघून जावा, तसं थोडं पेट्रोल न जळताच निसटतं.

या पाहुण्याला परत घरात ढकलण्याची युक्ती १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत, एमझेड कारखान्याचे इंजिनिअर वाल्टर काडेन यांनी पक्की केली. सायलेन्सरचं पोट असं फुगवायचं, की आतली दाबाची लाट उलटी फिरून निसटतं मिश्रण मागे लोटेल. १९६१ मध्ये त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेत गेला आणि ही विद्या सुझुकीच्या हाती लागली. पुढच्याच वर्षी सुझुकीच्या गाडीवर तो ५० सीसीचा जगज्जेता झाला. पुढे फुगीर पोटाची ही नळी पाण्यावरच्या टू-स्ट्रोकलाही लागली.

पण ही लाट इंजिनाच्या ठराविक वेगालाच वेळेवर परतते. म्हणून ट्यूनिंग. नळीत थोडं पाणी सोडलं की वायू थंड होतो, लाट संथ होते आणि कमी वेगाला ताकद मिळते. कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केलं की गाडी चपळ वाटते, पण पिस्टन तापून इंजिन सीझ होतं. फार सोडलं तर प्लग काळा पडतो. प्लग काढून बघायचा. बदामी दिसला तर ठीक.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर नळ जोडून इंजिन आतून धुवायचं. त्याचाही क्रम आहे. आधी इंजिन सुरू, मग नळ. शेवटी आधी नळ बंद, मग इंजिन. उलट केलं तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हे सगळं हौशी माणसं आपल्याच अंगणात करत. वाहन ज्याचं, मिस्त्रीही तोच.

एवढं करूनही निसटायचं ते निसटतच होतं. अशा इंजिनात चौथा हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर पडू शकतं. आपल्या स्कूटरचं ते हवेत विरलं. इथं ते थेट पाण्यात जात होतं. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचं टाहो सरोवर नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध; लोक ते पाणी पितातही. त्या पाण्यात पेट्रोलमधली रसायनं सापडली. अमेरिकेच्या सरकारनं १९९६ मध्ये अशा इंजिनांच्या धुरावर नियम केले होतेच; १ जून १९९९ पासून टाहोवर कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक वाहनांना बंदी झाली.

मग बाकीचं हळूहळू आवरत गेलं. कावासाकीनं उभ्याचं टू-स्ट्रोक वाहन २०११ नंतर थांबवलं आणि २०१७ मध्ये ते फोर-स्ट्रोक होऊन परतलं. यामाहाची १९९० पासूनची ‘सुपरजेट’ २०२० पर्यंत टिकली. २०२१ मध्ये तीही फोर-स्ट्रोक झाली.

जुनी वाहनं अजून आहेत, आणि त्यांचे प्लग काढून रंग बघणारी माणसंही. त्यांचा जीव का गुंततो, हे मला कळतं. आपल्या हातानं उघडता येईल आणि पुन्हा जोडता येईल असं यंत्र माणसाला आपलं वाटतं. नव्याचं झाकण उघडून आपल्याला फारसं काही करता येत नाही. पण सरोवर तर कुणालाच उघडून दुरुस्त करता येत नाही. टाहोकाठच्या लोकांनी त्याचा विचार आधी केला, हे बरंच झालं.