प्रसूतिकक्षाचे दार आणि पिता : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
साथरोगांच्या इतिहासात मृत्यूंची गणना होते. त्याच काळात झालेल्या जन्मांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. सोलापूर शहरात कोविड-१९ चा पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी आढळला. टाळेबंदीच्या त्या काळात देशभर अनेक रुग्णालयांनी नातेवाइकांच्या प्रवेशावर निर्बंध घातले. प्रसूतिकक्षापुरता या निर्बंधांचा पित्याच्या बाजूने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. बाळंतिणीची खोली स्त्रियांची. पुरुषाने उंबरठ्याबाहेर थांबावे, हा संकेत. स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला. सोलापुरातील डफरिन चौक त्या नावाची आजही आठवण देतो. घरातील संकेत अशा रीतीने रुग्णालयातही टिकला. पुढे २०१६ मध्ये केंद्र शासनाने शासकीय रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास, आणि खासगीपणा जपला जात असल्यास पतीलाही, मुभा दिली.

साथीचा काळ :
सोलापूरच्या सोयरिकी विजयपूर, कलबुर्गीपर्यंत पसरलेल्या. नोकरी अनेकांची पुण्यात. जिल्ह्यांच्या व राज्यांच्या सीमा बंद होताच पत्नी माहेरी आणि पती परगावी, अशी ताटातूट अटळ झाली. जे गावातच होते, त्यांनाही फाटकाशी डबा देऊन परतावे लागे; बाळाचे पहिले दर्शन मोबाइलवर होई. पूर्वी पिता दाराबाहेर असला, तरी आत आई वा सासू असे. साथीने ती सोबतही हिरावली आणि त्याच्याकडे येणारा निरोपही तुटला.

मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कमधील काही रुग्णालयांनी पतींना मज्जाव केला. तेथे विरोध झाला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने आदेश काढून पतीचा प्रवेश खुला केला. आपल्याकडे पतीची उपस्थिती हक्क म्हणून रुजलीच नव्हती. त्यामुळे ती नाकारली गेल्याची तक्रारही फारशी उमटली नाही.

निष्कर्ष :
तक्रार नाही म्हणजे दुःख नव्हते, असे मानणे इतिहासकाराला परवडणारे नाही. दप्तरात न आलेले हे अनुभव मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदविले पाहिजेत. ती मुले आज शाळेत जात आहेत. पित्यांच्या आठवणी पुसट होण्यापूर्वी स्थानिक महाविद्यालयांनी हे काम हाती घेणे आवश्यक आहे.